बाळाला ताप आलाय आणि फॅमिली ग्रुपवर अकरा सल्ले आलेत, यातला कोणता ऐकायचा?

रात्री पावणेबाराला ताईचा फोन आला. माझा भाचा चौदा महिन्यांचा आहे. अंग चटका बसेल इतकं गरम, थर्मामीटरवर १०२.४. त्यांचे नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नव्हते. "तू पत्रकार आहेस ना गं, तुला माहिती असेल. किती द्यायचं पॅरासिटामॉल?"

मी मास कॉम केलंय, एमबीबीएस नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण त्या वेळी ज्याचा फोन लागतो त्याला माणूस विचारतो.

तोवर तिनं फॅमिली ग्रुपवरही विचारलं होतं. मामीचं उत्तर सगळ्यात आधी आलं, "आमच्या परीला आम्ही ५ एमएल देतो, तासाभरात उतरतो." एका काकांनी तळपायाला कांद्याचे काप बांधायचा व्हिडिओ टाकला. कुणी ओवा-कापराची पुरचुंडी उशाशी ठेवायला सांगितलं, कुणी दोन स्वेटर घालून घाम काढायला सांगितलं. कुणी विचारलं, मागच्या वेळचं अँटिबायोटिक उरलंय का, असेल तर सुरू कर. मी मोजले, एकूण अकरा सल्ले होते. सगळे प्रेमानं दिलेले होते.

ताई मामीचं ऐकणार होती. मी म्हटलं, थांब, आधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. तिनं टॉर्च लावून वाचलं. "ड्रॉप्स. एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम."

मामी ज्या बाटलीबद्दल बोलत होती ती वेगळी होती.

५ एमएल म्हणजे नेमकं किती?

आपल्याकडे लहान मुलांचं पॅरासिटामॉल एकाच ताकदीचं येत नाही. साधं सिरप असतं, त्यात ५ एमएलमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम औषध असतं. मोठ्या मुलांसाठीचं सिरप असतं, त्यात ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम. आणि तान्ह्या बाळांसाठीचे ड्रॉप्स असतात, त्यात बहुतेक वेळा एका एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम असतात. बाळ लहान असतं, त्याला थेंबभर औषध पाजणं सोपं जावं, म्हणून ड्रॉप्स मुद्दाम दाट बनवतात. नावावरून मात्र लोकांना वाटतं, ड्रॉप्स म्हणजे सौम्य औषध.

आता हिशोब करा. मामीच्या साध्या सिरपचे ५ एमएल म्हणजे १२० मिलिग्रॅम. ताईच्या ड्रॉप्सचे ५ एमएल म्हणजे ५०० मिलिग्रॅम. चौपटीहून जास्त.

मुलांना पॅरासिटामॉल वयावर नाही, वजनावर देतात. एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तासांचं अंतर आणि २४ तासांत जास्तीत जास्त चार डोस, असा सर्वसाधारण नियम आहे. भाच्याचं वजन ९ किलो. म्हणजे एका वेळी ९० ते १३५ मिलिग्रॅम. ड्रॉप्स वापरले तर जेमतेम १ ते १.३ एमएल. ५ एमएल दिले असते तर एका वेळी ५०० आणि दिवसात चारदा दिले असते तर २,००० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉल जास्त झालं की त्याचा मार यकृतावर बसतो आणि पहिल्या दिवशी बाहेरून फारसं काही दिसतही नाही.

मामी खोटं बोलत नव्हती. तिचा सल्ला तिच्या मुलीसाठी, तिच्या बाटलीसाठी बरोबर होता. फक्त त्यात वजन नव्हतं आणि औषधाची ताकद नव्हती.

आरोग्याच्या बहुतेक फॉरवर्डची अडचण हीच आहे. आपण विचारत बसतो, हे खरं की खोटं? त्याआधी विचारायला हवं, हे कोणत्या मुलासाठी आहे? किती महिन्यांच्या, किती किलोच्या? आणि हे करून फरक पडला नाही तर कधी थांबायचं, कधी दवाखाना गाठायचा? चांगला डॉक्टर औषध लिहून देताना या गोष्टी सांगतो. "ताप तीन दिवसांत उतरला नाही तर या, दूध पिणं बंद केलं तर लगेच या." फॉरवर्डमध्ये हे वाक्य नसतं. तिथे फक्त 'करा' असतं, 'थांबा' नसतं.

परदेशातल्या नातेवाइकांचं ऐकावं का?

ताईच्या ग्रुपवर न्यू जर्सीचा एक चुलत भाऊही आहे. तिथे तेव्हा दिवस होता, म्हणून त्यानं लगेच एका अमेरिकी वेबसाइटवरचा डोसचा तक्ता पाठवला. वेबसाइट उत्तम होती, तक्ताही बरोबर होता. पण अमेरिकेत मुलांच्या सिरपमध्ये ५ एमएलला १६० मिलिग्रॅम औषध असतं. त्या तक्त्यातले एमएल आपल्या बाटलीला लावले तर डोस कमी तरी पडतो किंवा जास्त तरी होतो.

शिवाय तिकडे पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन म्हणतात. दोन्ही एकच औषध आहे. नावं वेगळी म्हणून दोन औषधं समजून दोन्ही देऊ नका. हाच घोळ इथेही होतो. सर्दीच्या कितीतरी मिश्र सिरपांमध्ये आधीच पॅरासिटामॉल असतं. तापाचं वेगळं आणि सर्दीचं वेगळं दिलं की मुलाच्या पोटात पॅरासिटामॉल दोनदा जातं. बाटलीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं, तुम्ही खालच्या बारीक अक्षरातलं वाचा.

आणि औषध मोजायला घरातला चमचा नको. बाटलीसोबतचं माप किंवा केमिस्टकडे मिळणारी सुई नसलेली सिरिंज वापरा.

कफ सिरप द्यायचं की नाही?

हा प्रश्न २०२५ च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक पालक विचारतोय. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, सर्दी-खोकला झालेल्या लहान मुलांची लघवी एकाएकी बंद होऊ लागली. मूत्रपिंडं निकामी झाली. जवळचं मोठं शहर म्हणजे नागपूर, त्यामुळे यातल्या अनेक मुलांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं गेलं. वीसहून जास्त मुलं दगावली. बहुतेक पाच वर्षांखालची होती.

'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप तमिळनाडूत कांचीपुरमला बनलं होतं. तमिळनाडूच्या औषध प्रशासनानं केलेल्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं. हे औद्योगिक कामात वापरलं जाणारं विषारी रसायन. औषधात त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राच्या एफडीएनंही 'एसआर-१३' या बॅचबद्दल इशारा दिला होता. मुंबईला हे रसायन नवं नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले होते, ते याच रसायनामुळे. त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता.

एक गोष्ट इथे सोडून चालणार नाही. छिंदवाड्यातल्या या आईवडिलांनी काही व्हॉट्सॲप वाचून औषध दिलं नव्हतं. अनेकांनी मुलाला डॉक्टरकडे नेलं होतं, चिठ्ठी घेतली होती, दुकानातून औषध आणलं होतं. सिरपमध्ये विष आहे की नाही, हे घरी बसून कुणाला कळणार? त्याची जबाबदारी कंपनीची आणि सरकारी यंत्रणांची आहे. पालकांना "जागरूक राहा" सांगून ती टळत नाही.

पालकांच्या हातात एक प्रश्न मात्र आहे. हे औषध मुळात लागतंय का?

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं ३ ऑक्टोबर २०२५ ला सूचना काढली. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं लिहून देऊ नयेत, पाच वर्षांखाली साधारणपणे ती सुचवली जात नाहीत आणि मुलांचा बहुतेक खोकला आपोआप बरा होतो, असं त्यात म्हटलंय. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसं बाटलीवर छापावं, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिला होता. म्हणजे माहिती होती. पण आपल्याला डॉक्टरकडून रिकाम्या हातानं परतणं आवडत नाही. औषध लिहून न देणारा डॉक्टर आपल्याला 'काही कळत नसलेला' वाटतो. पुढच्या वेळी "याला औषधाची गरज नाही, पाणी आणि दूध देत राहा" असं कुणी सांगितलं तर तो डॉक्टर बदलू नका.

खोकल्यावर घरी काय करता येतं? एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध देता येतो, त्यानं घसा खवखवणं कमी होतं. एक वर्षाच्या आत मात्र मध अजिबात नको, चाटवायलाही नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. बारशाला सोन्याच्या अंगठीनं मध चाटवतात ना, तोही यातच आला. नाक चोंदलं असेल तर सलाइनचे थेंब, बस.

कापूर, कांदा, स्वेटर: आजीचं सगळं चुकीचं?

नाही. जुलाबात "पोटाला आराम द्या, काही खायला देऊ नका" असं म्हणणाऱ्यांपेक्षा "पेज दे, मऊ भात दे, अंगावरचं दूध बंद करू नकोस" असं सांगणारी आजी बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते.

कापराचं मात्र वेगळं आहे. ओवा-कापराची पुरचुंडी करोनाच्या काळापासून जरा जास्तच फिरतेय. कापूर लहान मुलाच्या पोटात थोडा जरी गेला तरी झटके येऊ शकतात, आणि उशाशी ठेवलेली पुरचुंडी चौदा महिन्यांचं बाळ तोंडात घालणारच. कापराचे बाम दोन वर्षांखाली लावू नका आणि नाकापाशी तर कधीच नको.

कांद्याच्या कापांनी ताप उतरत नाही, पण अपायही नाही. फक्त त्या कापांकडे बघत दवाखान्यात जायला उशीर करू नका. स्वेटरनं ताप बाहेर पडत नाही, उलट अंगातली उष्णता कोंडते. सुती कपडे घाला, खोली हवेशीर ठेवा. थंड पाण्याच्या किंवा बर्फाच्या पट्ट्या नकोत. त्यानं मूल कुडकुडतं आणि आतलं तापमान आणखी चढतं. पुसायचंच असेल तर कोमट पाण्यानं पुसा.

तापात झटके आले तर? सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये तापामुळे असे झटके येऊ शकतात. बघणाऱ्याचा जीव जातो, पण बहुतेक वेळा ते काही मिनिटांत थांबतात. तोंडात चमचा घालू नका, पाणी पाजू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, घड्याळ बघा. थांबल्यावर डॉक्टरकडे न्या. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८ ला फोन.

राहिलं उरलेलं अँटिबायोटिक. बहुतेक ताप विषाणूंमुळे येतात आणि अँटिबायोटिक विषाणूंवर काम करत नाही. पावडरमध्ये पाणी घालून केलेलं ते औषध आठवडा-दोन आठवड्यांनी टाकूनच द्यायचं असतं. आणि निमेसुलाइड नावाचं तापाचं औषध भारतात २०११ पासून १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला बंदी आहे. घरात मोठ्यांसाठी आणलेली गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका.

ओआरएस लिहिलंय म्हणजे ओआरएस आहे?

जुलाब सुरू झाले की केमिस्टकडे धावायचं आणि 'ओआरएस' लिहिलेला टेट्रापॅक आणायचा, हे आपण वर्षानुवर्षं केलं. त्यातल्या कितीतरी पॅकमध्ये साखर भरपूर आणि मीठ कमी होतं. जुलाब झालेल्या मुलाला जास्त साखरेचं पाणी दिलं की आतड्यात पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध सुमारे आठ वर्षं झगडत होत्या. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. इतकी वर्षं त्या पॅकवर विश्वास ठेवणारे आपण मूर्ख नव्हतो, त्यावर तसं छापलेलं होतं.

खरं ओआरएस कसं ओळखायचं? पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा. एका लिटरला ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे हेच पाकीट फुकट मिळतं. हे साधं मीठ-साखरेचं पाणी किती मोठं काम करतं ते १९७१ मध्ये दिसलं. बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता नेहमी होणारी चूक. पाकीट एक लिटरचंही येतं आणि २०० एमएलचंही. लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात घातलं तर द्रावण फार खारट होतं आणि ते धोक्याचं आहे. अर्धं आज, अर्धं उद्या असंही नको, पूर्ण पाकीट सांगितलेल्या पाण्यात एकदम घाला. तयार झालेलं २४ तासांनी फेकून द्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० एमएल, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० एमएल, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सावकाश. डॉक्टर सोबत झिंक देतात, ते जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचं असतं. गोड नसल्यानं मुलं थुंकतात आणि आपण तिसऱ्या दिवशी बंद करतो.

मग रात्री बारा वाजता काय बघायचं?

थर्मामीटरवरचा आकडा बघून आपण घाबरतो. पण तीन महिन्यांवरच्या बाळात डॉक्टर त्या आकड्यापेक्षा मूल कसं आहे ते जास्त बघतात. १०२ ताप आहे पण औषधानंतर तासाभरानं हसतंय, पाणी पितंय, खेळणं ओढतंय, तर सकाळपर्यंत थांबता येतं. ताप १००च आहे पण मूल मलूल पडलंय, डोळे उघडत नाही, तर थांबायचं नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी नियम वेगळा आहे. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी औषध देऊन वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. इतक्या लहान बाळाचं अंग नेहमीपेक्षा थंड पडणं, दूध ओढणं सोडणं, हेही तितकंच गंभीर.

पाच वर्षांखालच्या कुठल्याही मुलात ही चार लक्षणं दिसली तर कुणाच्या उत्तराची वाट बघू नका: मूल काहीच पीत नाही किंवा दूध ओढत नाही, पोटात गेलेलं सगळं उलटून पडतं, झटके आलेत, किंवा मूल सुस्त अथवा बेशुद्ध आहे. अंगणवाडीपासून प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत सगळ्यांना हीच चार लक्षणं शिकवली जातात.

आणखी एक गोष्ट घरी करता येते आणि ती फार कमी पालकांना माहीत असते. श्वास मोजणं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना सदरा वर करा आणि पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. रडताना मोजू नका. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद आहे आणि न्यूमोनियाची शंका घ्यायला हवी. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर तडक हॉस्पिटल. ताईनं त्या रात्री मला फोनवर मोजून सांगितलं, ३६. तापात थोडा वाढलेला, पण मर्यादेत.

जुलाबात डोळे खोल गेलेत का, रडताना अश्रू येतात का, सहा-आठ तासांत लघवी झालीय का, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते का, हे बघा.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका असेल तर एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. डेंग्यूत धोक्याचा काळ बहुतेक वेळा ताप उतरायला लागल्यावर, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, येतो. घरचे म्हणतात, "ताप गेला, सुटलो." नेमकं तेव्हा पोट दुखत असेल, सारख्या उलट्या होत असतील, हिरड्यातून किंवा नाकातून रक्त येत असेल, हातपाय थंडगार पडले असतील, तर लगेच न्या. या तापात आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन देत नाहीत, रक्तस्राव वाढू शकतो. आणि पपईच्या पानाचा रस काढण्यात जाणारा वेळ मुलाला पाणी पाजण्यात घालवा.

गुगल, रील की चॅटबॉट?

रात्री फोन हातात असतोच, त्यामुळे 'इंटरनेटवर बघू नका' म्हणण्यात अर्थ नाही. मीही बघते. जागतिक आरोग्य संघटना, इंडियन ॲकॅडमी ऑफ पिडियाट्रिक्स ही आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, ब्रिटनची एनएचएस, यांच्या पानांवर मी आधी जाते. एनएचएसच्या पानाखाली ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख असते. औषधांच्या माहितीत तारीख महत्त्वाची, कारण पाच वर्षांपूर्वी चालणारं औषध आज बंद असू शकतं. फॉरवर्डला तारीख नसते, तो २०१६ मध्येही 'आजच' आलेला असतो.

रीलमधल्या पांढऱ्या कोटाचं काय? कोट कुणालाही मिळतो. डॉक्टरचं पूर्ण नाव असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत ते शोधता येतं. नोंदणी क्रमांक विचारला म्हणून खरा डॉक्टर चिडणार नाही, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांनुसार ऑनलाइन सल्ला देणाऱ्यानं तो दाखवायचाच असतो. आणि "कमेंटमध्ये 'हो' लिहा, लिंक पाठवतो" असं जिथे येतं तिथे सल्ला संपून दुकान सुरू झालेलं असतं.

चॅटबॉट आता घराघरात आहेत. डॉक्टरांनी वापरलेला शब्द समजून घ्यायला, उद्या काय विचारायचं याची यादी करायला ते बरे आहेत. डोससाठी मी वापरणार नाही. "९ किलोच्या बाळाला ५ एमएल चालेल का" असं विचारलं आणि बाटली कुठली ते लिहायचं राहिलं, तर उत्तर मामीच्या उत्तराइतकंच चुकू शकतं. शिवाय त्याला बाळाची बरगडी आत ओढली जातेय हे दिसत नाही.

जिवंत माणूस हवा असेल तर सरकारची 'ई-संजीवनी' ही मोफत ऑनलाइन ओपीडी आहे. तिच्या वेळा ठरलेल्या असतात, म्हणून ॲप आधीच घालून ठेवा. गावात आशाताई, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर. ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

डॉक्टरांचा फोन लागला की आपण "खूप ताप आहे हो" इतकंच सांगतो आणि त्यांना एकेक प्रश्न विचारत बसावं लागतं. त्याऐवजी हे कागदावर लिहून हाताशी ठेवा: वय महिन्यांत, शेवटचं वजन, ताप कधीपासून आणि जास्तीत जास्त किती, शेवटची लघवी कधी झाली, काय प्यायलं, श्वास मिनिटाला किती, आतापर्यंत कोणतं औषध कोणत्या ताकदीचं किती वाजता दिलं. घरगुती उपाय केला असेल तर तोही न लाजता सांगा. बाटलीचा लेबल दिसेल असा फोटो काढून पाठवा.

आमच्याकडे त्या रात्री ताईच्या डॉक्टरांचा फोन साडेबाराला परत आला. त्यांनी वजन विचारलं, बाटलीचा फोटो मागवला आणि १.२ एमएल द्यायला सांगितलं. चार लक्षणं सांगितली, यातलं एकही दिसलं तर हॉस्पिटलला निघा, नाहीतर सकाळी दहाला या म्हणाले. सकाळपर्यंत भाचा उठून चार्जरची वायर चावत होता. ताईनं ड्रॉप्सच्या बाटलीवर मार्करनं लिहिलंय, '१ एमएल = १०० मिलिग्रॅम', आणि फ्रिजवर त्याचं वजन लावलंय. दर महिन्याला ती ते बदलते. मामीलाही तिनं फोन करून तिची बाटली बघायला लावली.